चोवीस भार चांदी

माझ्या बाच्या दोन हातांना दोन वेगळी कामं होती. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. मधली तीन बोटं माझ्या जन्माआधी तलावात गेली. मासे मारायला पेटवलेली जिलेटिनची कांडी पाण्यात पडायच्या आत हातातच फुटली. त्या हाताने बा विडी धरायचा आणि जाळं विणताना दोरा दाबून ठेवायचा. डावा हात मारायला होता. तो कधी येईल ते कळत नसे. जेवताना, पाणी भरताना, चार माणसांसमोर उभं असताना यायचा, आणि नंतर कानात बराच वेळ माशी अडकल्यासारखा आवाज राहायचा. मायला तो पाठीत यायचा, मला कानशिलात. शेवंताबाईला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, वेणीला धरून ओढायचा. आम्ही तिघं त्याबद्दल एकमेकांशी कधी बोललो नाही. बा अंगणात आला की माय नुसती विळा आणि लाकडी पाट बाजूला सरकवून ठेवायची.

आम्ही ढिवर. सिंदेवाहीपासून दोन कोसांवर, तलावाच्या पाळीखाली आमचं घर होतं. पहाटे जाळं अंगणात टाकलं की त्याच्या कडेचे शिशाचे मणी जमिनीवर आपटून एकदम खळ्ळ आवाज व्हायचा, आणि तोच आमचा उठायचा गजर. हिवाळ्यात मोठ्या गंजात शिंगाडे उकडायचे, पाणी शाईसारखं काळं व्हायचं, आणि माय आणि शेवंताबाई नखं काळी करून सोलत बसायच्या. वाळवलेले झिंगे तव्यावर भाजून लाल मिरचीसोबत कुटले की अख्खं घर खोकायचं. भात आणि झिंग्याची चटणी; मरळ सापडली तर तिचं डोकं बाच्या ताटात. एकदा शेवंताबाईने ते डोकं चुकून माझ्या ताटात वाढलं. त्याचे परिणाम मी इथे लिहीत नाही. माशाचं डोकं खायला मला आजही जमत नाही, एवढंच सांगतो.

असल्या घराला समाजात मान होता, तो एका थैलीमुळे. आमच्याकडे मुलाकडचे लोक मुलीच्या पायात चांदी घालतात. किती भार घालायची ते साक्षगंधाला ठरतं, आणि लग्नाच्या दिवशी मांडवात, पंचांसमोर, ती चांदी जोखतात. भार पुरा भरला की बँड वाजतो, आणि मगच अंतरपाट धरतात. एक भार म्हणजे एका चांदीच्या रुपयाचं वजन. तसे निवडक चाळीस रुपये आमच्या थैलीत होते. आजोबांनी जमवलेले, झिजलेला एकही नाही, सगळे इंग्रजांच्या टांकसाळीतले कलदार. आसपासच्या वीस-पंचवीस गावांत आमच्या समाजाचं लग्न असलं की बा ती थैली आणि जोखायचा काटा घेऊन जायचा. त्याच्या तोंडून भार निघाला की त्यावर कुणी बोलत नसे. पण काटा तोलून धरायला दोन धड हात लागतात. मी नववीत गेलो तेव्हापासून काटा मी धरायचो आणि भार बा बोलायचा.

मला शिकवतानाही त्याचा डावा हात मोकळाच असायचा. रुपया दगडावर टाकायचा आणि आवाज ऐकायचा. कड अंगठ्याने फिरवून पाहायची, तिथल्या बारीक रेघा बोटाला लागल्या पाहिजेत. कुणी कानस मारून चांदी काढली असेल तर तिथे गुळगुळीत लागतं. शेवटी जोखायचा. महायुद्धातले रुपये दगडावर जरा बसका आवाज करायचे, कारण त्यांत सरकारने चांदी निम्मी केली होती. बाने एकदा राणी छाप रुपया एका पारड्यात आणि तो निम्म्या चांदीचा दुसऱ्या पारड्यात टाकून मला दाखवला. काटा हलला नाही. "पाह्य," तो म्हणाला, "राणी मेली, राजे बदलले, चांदी पाण्यात गेली. भार बदलला का? रुपया म्हणजे एक भार. कोणाचाही असो." थैलीच्या तळाशी जाड, वेडेवाकडे, फारशी अक्षरांचे दोन जुने रुपये वेगळ्या चिंधीत बांधलेले होते. ते मी जोखले तर कलदाराला कमी पडले. "हे काऊन कमी, बा?" मी विचारलं, आणि कानशिलात बसली. "खोटे हायेत म्हणून कमी. खोट्याचं काऊन विचारत नाईत."

ते खोटे नव्हते. कंपनी सरकारने सगळीकडे एकच वजन लादण्याआधी नागपूरच्या राज्यात असे रुपये पडत, चांद्यालाही पडत, आणि एका टांकसाळीचा रुपया दुसरीच्या रुपयाएवढा भरत नसे. हे मला पन्नाशीच्या आसपास कळलं. एक थप्पड माणसाला किती वर्षं अडाणी ठेवू शकते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पण पुढे जे घडलं त्याचं ओझं मी त्या थपडेवर टाकणार नाही. तेवढी सोय मी स्वतःला करून देऊ नये.

शेवंताबाईचं लग्न तिनेच जमवलं म्हणायला हरकत नाही. मावशीच्या मुलीच्या लग्नाला ती सिरोंचाकडे गेली आणि परत आली ती बदलून. प्राणहितेच्या काठचा सम्मय्या नावाचा मुलगा, होडी चालवतो, तेलुगू आणि मराठी अर्धी-अर्धी बोलतो, हसताना मान खाली घालतो, एवढं तिने मला शिंगाडे सोलता सोलता सांगितलं. "आनं मारत नाई थो," ती म्हणाली. "तुले कसं माहीत?" "त्याच्या घरचं कुत्रं पाह्यलं मी. माणूस जवळ आला तरी उठत नाई." तिच्यासाठी ते लग्न म्हणजे आमच्या घरातून बाहेर पडायचा एकमेव दरवाजा होता, हे मला माहीत होतं. सिरोंचा आमच्यापासून एवढं लांब की बाचा हात तिथवर पोचणार नव्हता. साक्षगंधाला चोवीस भारांचे तोडे ठरले. सम्मय्याचे वडील पोचय्या, वाळलेले, उंच, डोक्याला पंचा बांधलेले, आपल्या व्याह्याला, म्हणजे बाला, म्हणाले, "चोवीस म्हंजे चोवीस. तुमी जोखून घ्या, इवाई."

वैशाखात वरात ट्रकने आली. बायका उतरता उतरताच टोमणे सुरू झाले. "तुमच्या तलावातले मासे बसूनच राह्यते म्हणे, पोहाले जागाच नाई!" आमच्या बायकांनी परतवलं, "आनं तुमचे नदीतले पळून जाते नवऱ्यासारखे, परतून येतच नाईत!" सगळा मांडव हसत होता. मागच्या अंगणात तीन चुलींवर भात, वरण आणि वांग्याची भाजी रटरटत होती, बँडवाले बुंदीचा पहिला घाणा खाऊन बसले होते. शेवंताबाई आतल्या खोलीत हळदीच्या पातळात होती. मी तिला पाणी द्यायला गेलो तर तिने माझं मनगट धरलं. "लवकर जोख," ती म्हणाली. "बाचं डोकं तापायच्या आत लग्न लागू दे."

मी त्या वर्षी बारावी सायन्सला होतो. घराण्यात पहिलाच. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतला तराजू मी वापरला होता, आणि हे मी त्या दिवशी सकाळपासून वरातीतल्या दहा जणांना तरी ऐकवलं होतं. म्हणून बाने त्या दिवशी पहिल्यांदा भार बोलायचाही मान मला दिला. "आज बाबू बोलन," तो पंचांना म्हणाला. तुळशीरामभाऊ, पंचांतले सगळ्यात मोठे, हसून म्हणाले, "बोल गा मास्तर."

मी काटा उचलला. एका पारड्यात तोडे ठेवले आणि दुसऱ्यात एकेक रुपया टाकत गेलो. वीस. एकवीस. बावीस. तेविसाव्याला काटा सरळ उभा राहिला. मी चोविसावा टाकून पाहिला. रुपयांचं पारडं खाली गेलं. काढला, पुन्हा सरळ. मी मोठ्याने म्हणालो, "तेवीस."

बँडवाल्यांनी वाजवायला घेतलेले हात खाली केले. माझा आवाज मांडवाच्या शेवटच्या बांबूपर्यंत गेला होता, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला होता. पोचय्या पुढे आले. घाबरलेले नव्हते, गोंधळलेले होते. "नाई बाबू, चोवीस हायेत. मीच जोखले. माह्या रुपयावर." त्यांनी कंबरेची थैली सोडली. त्यांच्याकडेही आमच्यासारखीच जोखायची थैली होती, त्यांच्या बापाची. त्यांचे चोवीस रुपये मी पारड्यात टाकले. काटा सरळ. एक काढला की तोडे खाली, एक ठेवला की सरळ. लोक पुढे सरकले. "एक तुमचा, एक माहा ठिऊन पाह्य," पोचय्या म्हणाले. मी ठेवला. त्यांचा रुपया वर उचलला गेला.

तो रुपया मी हातात घेतला. त्यावर चार मिनारांची इमारत होती आणि उर्दू अक्षरं. मी कडेवरून अंगठा फिरवला. रेघा होत्या. सगळ्या बाजूंनी, धारदार, कुठेही गुळगुळीत नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला, दोन्ही कलदाराशी तोलले. तिन्ही तेवढेच हलके आणि तिन्हींच्या कडा साबूत. कानस मारणारा माणूस चोवीस रुपये केसाएवढ्या फरकाशिवाय सारखे घासू शकत नाही. आमचे सर म्हणायचे, चूक प्रत्येक वेळी सारखीच आली तर माणसाचा संशय घेऊ नका, मापाकडे पाहा. हे वाक्य मला तिथे, त्या मांडवात, शब्दन् शब्द आठवलं. रुपये घासलेले नाहीत, हे मला कळलं. ते हलके का आहेत ते कळलं नाही. "मले कळत नाई," एवढे तीन शब्द बोलायचे होते.

"काय रे? काऊन गप्प?" बा म्हणाला. त्याचा डावा हात मांडीवरून उठला होता. दोनशे माणसं माझ्याकडे पाहत होती. मी तेवीस म्हणालो होतो, प्रयोगशाळेच्या तराजूच्या गोष्टी सांगितल्या होत्या. मी म्हणालो, "घासलेले हायेत."

"नेनु दोंगा कादु," पोचय्या म्हणाले. मी चोर नाही. मग मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी चोर नाई जी." आमच्यातला कुणीतरी ओरडला, "चोराईच्या घरी पोरगी देता का?" वरातीतल्या दोघांनी त्याला ढकललं. बा उठला. पण त्याच्या आधी पोचय्यांनी माझं मनगट धरलं, हळू धरलं, आणि माझ्याकडे वाकून म्हणाले, "बाबू, तू कड पाह्यली. मी पाह्यलं तुले पाह्यताना. कड साबूत हाये. सांग त्यायले."

त्यांनी मला पकडलं होतं. बाकी कुणाला दिसलं नव्हतं ते त्या एका माणसाला दिसलं होतं. मी मनगट हिसडलं, पारडी खाली पडली, हातात लोखंडाची दांडी राहिली आणि ती मी त्यांच्या तोंडावर मारली. दांडीच्या टोकाला पारडं अडकवायचा आकडा असतो. तो त्यांच्या डाव्या डोळ्यात गेला. मी दांडी मागे ओढली तेव्हा ती सहज निघाली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर माणसं माणसांवर पडली. मांडवाचे बांबू उपटले गेले. कुणाचा तरी जबडा माझ्या शेजारीच मोडला, ओली काटकी मोडल्यासारखा. तुळशीरामभाऊ हात जोडून "थांबा गा, थांबा" करत असताना त्यांच्या डोक्यात ढोल बसला. ट्रकच्या काचा फुटल्या. बायका मुलांना घेऊन मागच्या अंगणाकडे पळाल्या आणि त्या रेट्यात वरणाचा गंज उलटला, माझ्या मायच्या पायांवर. तिची किंकाळी मी ऐकली आणि तरी मी समोर दिसेल त्याला मारत राहिलो, कारण मारताना विचार करावा लागत नव्हता. सम्मय्या बापावर पालथा पडून पाठीवर बांबू झेलत होता. त्याने एकदाही हात उगारला नाही. तेवढ्यात आतून शेवंताबाई धावत आली. हळदीच्या पातळाचा पदर तिने पोचय्यांच्या डोळ्यावर दाबला. पिवळं पातळ पाहता पाहता लाल झालं. ती ओरडत होती, "थो खोटं बोलत नाई! बाबू, परतून जोख! परतून जोख!" बाने तिची वेणी डाव्या हाताला गुंडाळली आणि तिला घराच्या उंबऱ्यापर्यंत ओढत नेलं. मी दोन पावलांवर होतो.

ट्रक निघून गेला. पंचांनी त्या घराशी संबंध तोडले आणि आमच्याकडून पुन्हा कुणी तिकडे गेलं नाही. मायच्या पायांची कातडी महिनाभर केळीच्या पानावर उतरत होती. बा मात्र जवळजवळ वर्षभर माझ्याशी बरा वागला. चार लोकांत खांद्यावर हात ठेवायचा. तो उजवा हात असायचा, दोन बोटांचा, आणि मला तो डाव्यापेक्षा जड वाटायचा. शेवंताबाईला दोन वर्षांनी चिमूरकडच्या एका बिजवराला दिली. तिथे चांदी जोखायला मला बोलावलं, मी गेलो, भार पुरा होता. त्या माणसाने पहिल्या वर्षात तिचे समोरचे दोन दात पाडले.

मी बारावीनंतर शिकलो, वरोऱ्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलो आणि तिथेच राहिलो. पंचवीस वर्षं मुलांच्या हाती तराजू देण्यात गेली. पत्नीचे पैंजण दुरुस्तीला टाकायला एकदा सोनाराकडे गेलो, तर त्याच्या काचेखाली तोच चार मिनारांचा रुपया होता. मी हातात मागून घेतला. सोनार सहज म्हणाला, "हाली आहे, निजामाचा. तुमच्या कलदारापेक्षा हलकाच असतो, त्यांची टांकसाळ वेगळी होती ना. हैदराबादेकडून पुष्कळ येतात." त्याने दोन्ही इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले. कलदार अकरा ग्रॅम सहासष्ट, हाली अकरा ग्रॅम अठरा. मी दुकानाच्या पायरीवर बसून वहीत गुणाकार केला. चोवीस हाली आणि तेवीस कलदार यांचं वजन एकच येतं, चिमूटभराचाही फरक राहत नाही. तिकडे नदीकाठी, निजामाच्या हद्दीला लागून, त्यांच्या आजा-पणजाने निजामाच्या रुपयाला भार म्हटलं, इकडे आमच्यांनी राणीच्या रुपयाला. पोचय्यांनी पुरते चोवीस आणले होते आणि मी पुरते तेवीस मोजले होते.

हे कळल्यावरही मी चार वर्षं काही केलं नाही. मग चिमूरला शेवंताबाईकडे गेलो. ती आता विधवा आहे, मुलाजवळ राहते. तिला मी सगळं सांगितलं, सोनाराचं, आणि त्याआधीचं, कडेचं. ती झिंगे निवडत होती. हात थांबला नाही. "मले काऊन सांगून राह्यला?" ती म्हणाली. "मी तवाच वरडून सांगत होती, थो खोटं बोलत नाई म्हणून. मले नवीन काय? ज्याचा डोळा फोडला त्याच्या दारात जा." जेवायला थांब असं ती म्हणाली नाही.

मागच्या उन्हाळ्यात गेलो. सिरोंचाची बस, मग पाच किलोमीटर ऊन. सम्मय्या घरासमोर पालथ्या होडीला डांबर लावत बसला होता. केस पांढरे, खांदे अजून रुंद.

"कोन पायजे?"

"मी शेवंताचा भाऊ. सिंदेवाहीचा."

त्याने डांबराचा ब्रश डब्यात ठेवला. "जिवंत हाये थे?"

"हो. चिमूरले राह्यते, पोराजवळ."

"बरं हाये." मग म्हणाला, "बाप मेला माहा. बरेच वर्षं झाले."

मी उभ्यानेच सांगितलं. रुपये घासलेले नव्हते, ते निजामाचे होते, हलकेच पडत होते, तुमच्या वडिलांनी पुरे चोवीस भार आणले होते. सम्मय्या ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, "तुले कवा समजलं?"

"सोनाराकडे. वरोऱ्याले, चार वर्षं..."

"निजामाचं नाई विचारत. घासले नाईत, हे कवा समजलं?"

"तवाच," मी म्हणालो. "मांडवात."

तो उठला आणि मला मारलं. मूठ तोंडावर बसली, मी होडीवर आदळून खाली पडलो, दात जिभेवर लागला. त्याने केसांना धरून उभं केलं आणि दुसऱ्यांदा मारलं. मी हात वर केले नाहीत. तिसऱ्यांदा उगारलेली मूठ त्याने स्वतःच खाली घेतली. तो धापा टाकत होता.

"आमच्या घरी वापस गेल्यावर काय झालं, माहीत हाये तुले?" तो म्हणाला. "तू शिकलेला होता. सायन्सवाला. तू म्हणला घासले, मंग मी म्हणलं घासले. पण घासले कोणी? थैली लच्चन्नाकाकाच्या घरी राहे. बापाचा लहान भाऊ. मी त्याच्या अंगणात गेलो. थो म्हणे मी हात नाई लावला. माहा बाप डोळ्याले फडकं बांधून मांगून धावत आला, कड साबूत हाये, कड साबूत हाये, वरडून राह्यला. मी बापाले म्हणलं, एका डोळ्यानं तुले काय दिसते?" त्याने होडीवर हात टेकला. "कुऱ्हाड तिथीच होती. लाकडं फोडून राह्यला होता काका. दोन घाव घातले मी. बारा वर्षं जेलात होतो."

ज्याच्या घरचं कुत्रं माणूस जवळ आला तरी उठत नव्हतं, तो हा माणूस. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि रक्त शर्टावर आलं.

"मले नको सांगू आता," सम्मय्या म्हणाला. त्याने माझी कॉलर धरली आणि मला शेजारच्या कुंपणातून आत नेलं. तिथे छपराखाली एक म्हातारी चिंच फोडत बसली होती. पलीकडे तिचा मुलगा, पस्तिशीचा असेल, मोटारसायकलचं चाक काढत होता. "मल्लक्काकाकी," सम्मय्या म्हणाला, आणि तिच्याकडे न पाहता पाठ फिरवून उभा राहिला. "हा सिंदेवाहीचा. रुपये जोखणारा. याचं ऐक."

मी सांगितलं. तुमच्या मालकांनी रुपये घासले नव्हते. कुणीच घासले नव्हते. मला तेव्हाच माहीत होतं आणि मी खोटं बोललो. तिला मराठी नीट कळतं का ते मला समजेना, म्हणून मी सावकाश बोलत होतो. ती चिंचेने बरबटलेली बोटं तशीच धरून माझ्या तोंडाकडे पाहत होती. ओरडेल, रडेल, हातातला दगडी बत्ता फेकून मारेल, असं मला वाटलं. मारला असता तर बरं झालं असतं.

"पस्तीस वर्षं मले चोराची बायको म्हणते इथी," ती म्हणाली. "पाण्याले गेली तं म्हणते. याच्या लग्नाले तीन घरांनी पोरगी नाई देली." तिने मुलाला हाक मारली. तो हात पुसत आला. "याले सांग," ती मला म्हणाली.

मी त्याला सांगितलं. बाप मेला तेव्हा तो आठ महिन्यांचा होता, हे त्याच्या आईने मध्येच घातलं. तो आत गेला आणि तांब्याभर पाणी आणून माझ्यासमोर ठेवलं. मी तांब्याला हात लावणार तेवढ्यात मल्लक्काने तो बाजूला सरकवला.

"आदी सांग, मंग पे," ती म्हणाली. गुडघ्यावर हात देत उठली आणि कुंपणाशी जाऊन तेलुगूत मोठ्याने हाका मारू लागली, एकेकाचं नाव घेऊन, समोरच्या घराला, त्याच्या पुढच्या घराला, विहिरीवरच्या बायकांना. उन्हातून माणसं येऊ लागली. कुणी लुंगी सावरत, कुणी ताटावरून उठून, हात न धुता. अंगण भरलं तरी तिच्या हाका थांबल्या नाहीत. मग ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"हं," ती म्हणाली. "मोठ्यानं सांग."

तोंडातलं रक्त गिळून मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.